पर्यटक येतात, पण ठरवतं कोण? राधानगरी-दाजीपूरबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी-दाजीपूर अभयारण्याच्या पर्यटनावर एक छोटं टिपण दिलं होतं, त्यात शेवटी 'आसपासच्या गावांना सोबत घेतल्याशिवाय हे जमणार नाही' असं एक वाक्य होतं, आणि पत्रं आली ती बहुतेक सगळी त्या एकाच वाक्यावर. काही रागाची, काही मनापासून विचारलेली. त्यातली निवडून इथं घेतली आहेत, पत्रं लांब होती म्हणून थोडी छाटलीत, भाषा मात्र ज्याची त्याची तशीच ठेवली आहे.

ताई, आमचं गाव अभयारण्याच्या कडंला हाय. पावसाळ्यात राऊतवाडी धबधब्याकडचा रस्ता शनिवार-रविवार जाम असतोय, गाड्या आमच्या बांधावर लावत्यात, बाटल्या वढ्यात टाकत्यात. गावात कमिटी हाय म्हणत्यात, पण मिटिंग कधी होती ते आमाला कळतबी नाही, सहीपुरतं बोलावत्यात. लोकसहभाग लोकसहभाग म्हणत्यात तो नेमका काय वो? आमाला अधिकार काय हाय? – एक वाचक, राधानगरी तालुका

दादा, तुमचं पत्र सगळ्यात आधी घेतलं कारण बाकीच्या सगळ्या प्रश्नांची मुळं यातच आहेत. गेटवर दोन पोरं पावत्या फाडायला उभी केली, चार जणांना गाईडचं जॅकेट दिलं, की कागदावर सहभाग झाला असं आपल्याकडं धरतात. ते काम आहे, रोजगार आहे, तो हवाच, पण दिवसाला किती गाड्या सोडायच्या, पार्किंग कुठं, तिकीट किती, त्यातले किती रुपये गावात राहणार, कुठला रस्ता कधी बंद, हे ठरवायच्या बैठकीत गाव बसलेलं असलं तरच त्याला सहभाग म्हणायचा. माझं या विषयातलं सगळं म्हणणं एवढ्यात येतं.

आता अधिकारांचं. तुम्ही म्हणता ती समिती बहुतेक संयुक्त वन व्यवस्थापन समिती किंवा ग्राम परिस्थितीकीय विकास समिती असणार. ही वनखात्याच्या शासन निर्णयांवर चालते, तिचा उपयोग होतो पण तिचं बळ खात्याच्या मर्जीवर अवलंबून असतं, साहेब चांगला आला तर समिती जोरात आणि बदली झाली की दप्तर कपाटात. म्हणून त्याच्या पलीकडं कायद्यात काय आहे ते गावानं माहिती करून घ्या.

वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे, त्यात कलम 33 'ब' म्हणून एक तरतूद आहे. अभयारण्यासाठी राज्य सरकारनं सल्लागार समिती नेमायची, तिच्यात त्या मतदारसंघाचा आमदार, पंचायत राज संस्थांचे 3 प्रतिनिधी, स्वयंसेवी संस्थांचे 2, आणि वन्यजीव संवर्धनात काम करणारी 3 माणसं घ्यायची, आणि तिनं सल्ला कशावर द्यायचा तर अभयारण्याच्या व्यवस्थापनावर आणि आतल्या-आसपासच्या लोकांच्या सहभागावर, असं स्पष्ट लिहिलंय. तुमच्या सरपंचांना विचारा, पंचायत समिती सदस्यांना विचारा, ही समिती सध्या आहे का, तिच्यावर आपल्या भागातून कोण आहे, शेवटची बैठक कधी झाली. तोंडी उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकारात साधा अर्ज टाका.

दुसरं, 2022 मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली आणि ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. त्यात कलम 33 बदललं. अभयारण्याचं व्यवस्थापन आता आराखड्यानुसार करायचं, आणि जिथं वनहक्क कायदा (त्याबद्दल पुढं सांगते) लागू आहे तिथं तो आराखडा ग्रामसभेशी सल्लामसलत करून तयार करायचा. सल्लामसलत म्हणजे संमती नव्हे हे खरंय, गावानं नाही म्हटलं म्हणून आराखडा थांबेलच असं नाही. पण पर्यटन कुठं, किती, कसं हे त्याच आराखड्यात येतं, त्यामुळं ग्रामसभेनं आधीच लेखी ठराव करून दिला असेल तर तो डावलणं अवघड जातं. ठराव मोघम नको. 'पर्यटनाचा विकास व्हावा' असा ठराव काही कामाचा नाही. 'जून ते सप्टेंबर अमुक ओढ्याच्या पलीकडं चारचाकी नको, पार्किंग गायरानातल्या अमुक जागेत, वसुली गावाच्या समितीकडं, हिशेब दर तिमाहीला ग्रामसभेत' असा पाहिजे.

तिसरं आणि सगळ्यात मोठं, 2006 चा वनहक्क कायदा, म्हणजे वनावर जगणाऱ्या लोकांचे वनावरचे हक्क मान्य करणारा कायदा. आपल्या कोल्हापूरकडं एक समज पक्का बसलाय की तो गडचिरोलीचा, आदिवासींचा कायदा, आपला काय संबंध. तो 'इतर पारंपरिक वननिवासीं'नाही आहे, म्हणजे आपल्या धनगरवाड्यांनाही. अट अशी की 13 डिसेंबर 2005 च्या आधी 3 पिढ्या, म्हणजे 75 वर्षं, तिथं वास्तव्य आणि वनावर गुजराण असली पाहिजे. ही अट ऐकूनच लोक माघारी फिरतात, एवढा जुना कागद कुठनं आणायचा म्हणून. पण पुराव्यांच्या यादीत सातबाराच पाहिजे असं कुठंही नाही. जुनी विहीर, घराचं जोतं, देवाची जागा, दफनभूमी, गावातल्या जाणत्या माणसाचा जबाब, आणि जुन्या संस्थानानं दिलेल्या हक्क-सवलतींची नोंद, हे सगळं चालतं. राधानगरी-दाजीपूर म्हणजे तर कोल्हापूर संस्थानचं राखीव शिकारीचं रान होतं. कुणाला चराईची सवलत होती, कुणाकडनं काय घेतलं जायचं, याचे कागद संस्थानच्या दप्तरात असू शकतात, आणि ते दप्तर कोल्हापुरातच पुराभिलेखागारात आहे. मोडी वाचणारं माणूस सोबत घेऊन जा, कोल्हापुरात ती माणसं मिळतात. दावा ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडनं प्रांतांच्या उपविभागीय समितीकडं आणि तिथनं जिल्हाधिकाऱ्यांच्या जिल्हास्तरीय समितीकडं जातो. वेळ लागतो, खेटे घालावे लागतात. पण सामूहिक वनहक्क मिळाला की त्या रानाचं रक्षण आणि व्यवस्थापन करायचा अधिकार ग्रामसभेचा होतो, कुणाच्या मर्जीचा राहत नाही. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावानं 2009 मध्ये तो मिळवला.

आणि बाटल्यांचं म्हणाल तर तेवढ्यासाठी कायद्याची वाट बघायची गरजच नाही. केदारनाथला बाटलीवर क्यूआर कोड लावून 10 रुपये डिपॉझिट घेतात, बाटली परत दिली की पैसे परत. राऊतवाडीच्या रस्त्याला गाडी थांबते तिथं टेबल टाकून बाटल्या मोजायच्या, पैसे घ्यायचे, जाताना मोजून परत द्यायचे, याला ग्रामपंचायतीचा ठराव आणि दोन पोरं पुरतात.

आम्ही बचत गटातल्या दहा-बारा जणी आहोत. दाजीपूरला येणाऱ्या लोकांसाठी घरगुती राहायची-जेवायची सोय करावी असं मनात आहे. पण बँकवाले म्हणतात मोठं काहीतरी करा, टेंट टाका, स्विमिंग टँक करा, तरच लोक येतील. खरंच तसं लागतं का? – एक वाचक भगिनी

अजिबात नाही, आणि कर्ज काढून तर मुळीच करू नका.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासचं उदाहरण घ्या. समुद्री कासवांची घरटी राखायचं काम तिथं आधी सुरू झालं, मग 2006 पासून कासव महोत्सव, आणि येणारी माणसं राहतात कुठं तर गावातल्याच घरात, ओसरीवर, जेवण घरचं. लोक पिल्लं बघायला येतात, खोलीत एसी आहे का ते बघायला येत नाहीत. वेंगुर्ल्याला बचत गटाच्या बायकांनी मांडवी खाडीत कांदळवन सफारी सुरू केली, होडी त्याच वल्हवतात, माहितीही त्याच देतात. फोंडा घाट उतरला की तो मुलूख सुरूच होतो, तुमच्या गटानं एक दिवस काढून तिथं जाऊन यावं असं मला फार वाटतं, पुस्तकं वाचून कळणार नाही ते त्यांच्याशी बोलून कळेल.

तुमच्यासाठी चार गोष्टी सांगते. पाहुणे वाटून घ्यायची पाळी ठरवा, वहीत नावं क्रमानं लिहा आणि फोन एकीच्याच नंबरवर येऊ दे, नाहीतर रस्त्याकडेच्या दोन घरांना सगळे पाहुणे आणि वरच्या आळीला कुणी नाही असं होतं आणि सहा महिन्यांत गट फुटतो. दर सगळ्या घरांचा एकच. संडास-बाथरूम स्वच्छ, दाराला आतून कडी, अंथरूण-पांघरूण उन्हात टाकलेलं, एवढं झालं की निम्मी लढाई जिंकलात. जेवणात पनीर करू नका, खरंच सांगते. नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, रानभाजी, तांदूळ तुमच्या शेतातला, आणि कुणाला हवा असेल तर तांबडा-पांढरा. पर्यटन विभागाकडं निवास-न्याहारी योजनेत नोंदणी करता येते, ती करून घ्या म्हणजे पुढं कुणी बोट दाखवायला नको.

आणि एक गोष्ट, जी या विषयावर बोलणारी माणसं विसरतात. पाहुणा आला की त्याला सकाळी गरम पाणी लागतं. एका घरात सहा पाहुणे, सहा बादल्या, बंब पेटणार लाकडावर, आणि लाकूड येणार रानातनंच. मी एका घरी पाहिलंय, परसात हंगामाच्या सुरवातीला रचलेली लाकडाची थप्पी माणसाच्या उंचीची होती आणि मे अखेर तिथं नुसता भुसा होता, त्या घरच्या बाईच मला म्हणाल्या की आधी एवढं लाकूड वर्षाला जायचं, आता दोन महिन्यांत गेलं. म्हणजे पर्यटनाच्या नावानं आपणच रान जाळायला लागलो. त्यामुळं पहिली कमाई सोलर किंवा गॅस गिझरला घाला, टीव्हीला नको. श्यामाप्रसाद मुखर्जी जन वन विकास योजना या नावाची एक सरकारी योजना आहे, वनालगतच्या गावांना गॅस वगैरेसाठी मदत देते, तिच्यात तुमचं गाव बसतं का ते वनपाल किंवा वनक्षेत्रपालांकडं विचारा.

हे सगळं सोडा आणि अभयारण्य पर्यटकांना बंदच करून टाका, असं का कुणी म्हणत नाही? ते गव्यांचं घर आहे. – एक निसर्गप्रेमी, कोल्हापूर शहर

तुमचा राग मला कळतो आणि काही जागांबाबत मी तुमच्याच बाजूची आहे. सावराई सड्यासारखे जांभ्याचे सडे, म्हणजे डोंगरावरची सपाट कातळपठारं, घ्या. वर मातीचा थर बोटभरसुद्धा नसतो, पावसात त्याच्यावर सीतेची आसवं आणि दवबिंदू उगवतात, किडे खाऊन जगणारी इवलीशी झाडं, आणि एक गाडी ओल्या सड्यावर फिरली की चाकाचा चर वर्षानुवर्षं जात नाही. अशा ठिकाणी गाडी नकोच, कुणाचीच. पावसाळ्यात अभयारण्य बंद असतं ते योग्यच आहे.

काजव्यांचंही तसंच. मे अखेर ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत हिरडा, बेहडा, ऐन, जांभूळ या झाडांवर ते लुकलुकतात आणि बघायला झुंबड उडते. ते लुकलुकणं म्हणजे नर-मादीचं एकमेकांना बोलावणं आहे, प्रौढ काजव्याचं आयुष्य थोड्या आठवड्यांचं, त्यात तुमच्या गाडीचा हेडलाइट आणि मोबाइलचा फ्लॅश पडला की त्यांना एकमेकांचा इशाराच दिसत नाही. शिवाय माद्या पुष्कळदा खाली गवतात, झुडपात असतात आणि गर्दी नेमकी तिथंच उभी राहते. त्यांच्या अळ्या महिनोन् महिने त्याच पालापाचोळ्यात गोगलगायी खाऊन वाढलेल्या असतात. म्हणून गाड्या लांबच थांबवणं, टॉर्चला लाल कागद, झाडापासून अंतर, एका झाडापाशी ठरावीकच माणसं, हे नियम पाहिजेत आणि ते रात्री साडेआठला तिथं उभं राहून पाळून घेणारं माणूस पाहिजे. ते माणूस कुठनं आणणार? वनरक्षक एकटा आणि त्याची बीट, म्हणजे गस्तीचा भाग, केवढी मोठी. गावातलाच पोरगा पाहिजे, ज्याला कुठल्या झाडावर यंदा जास्त आहेत ते ठाऊक आहे.

सगळं बंद करा याला माझा विरोध आहे तो इथं. राधानगरी हे महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं अभयारण्य, 1958 ला दाजीपूरचं गवा अभयारण्य म्हणून जाहीर झालं, 1985 ला वाढवून 351 चौरस किलोमीटर केलं, 2012 ला पश्चिम घाटाचा भाग म्हणून जागतिक वारसा यादीत गेलं. या सगळ्या काळात आतली आणि कडेची माणसं काय सोसतात ते शहरातनं दिसत नाही. ऊस, भात, नाचणी गवे एका रात्रीत तुडवून जातात, पंचनाम्याला खेटे, रस्ता होत नाही, लाइट येत नाही कारण परवानगी. ज्या माणसाला अभयारण्यातनं फक्त नुकसानच आलं त्याला गवा राख म्हणून सांगायचं तोंड आपल्याला कुठं आहे? त्याच्या घरात गव्यामुळं चार पैसे सन्मानानं आले तर चित्र बदलतं. केरळात पेरियारच्या व्याघ्र प्रकल्पात रानदालचिनीची साल चोरणाऱ्यांनाच नव्वदच्या दशकात समितीत घेतलं, त्यांना रान पाठ होतं, ते गाईड झाले आणि गस्तही घालायला लागले.

कासचं पठार पण बघा. अभयारण्य नाही ते, पण आसपासच्या गावांच्या समित्या व्यवस्था बघतात, ऑनलाइन बुकिंग, दिवसाला 3000 माणसांची मर्यादा. तिथं फुलं राखायला म्हणून कुंपण घातलं, चराई थांबली, आणि मग जनावरं फिरत नसल्यानं गवत वाढून फुलांवरच परिणाम होतोय अशी ओरड झाली, नंतर ती जाळी काढली. गुरं राखणाऱ्या म्हाताऱ्याला आधी विचारलं असतं तर कदाचित त्यानं बांधावर बसल्या बसल्या सांगितलं असतं.

अभयारण्याच्या हद्दीपासून अर्ध्या किलोमीटरवर आमची 20 गुंठे जागा आहे, तिथं रिसॉर्ट काढता येईल का? – एक वाचक, पुणे

साधारणपणे नाही. राधानगरीभोवती इको-सेन्सिटिव्ह झोन, म्हणजे अभयारण्याबाहेरचा निर्बंधांचा पट्टा, जाहीर झालेला आहे आणि अशा झोनमध्ये हद्दीपासून 1 किलोमीटरच्या आत नवीन व्यापारी हॉटेल-रिसॉर्टला बंदी असते, छोट्या तात्पुरत्या बांधकामापुरती सवलत. त्यापुढंही पर्यटन आराखड्याप्रमाणेच. एजंट काहीही सांगोत, आधी अधिसूचना आणि तिचा नकाशा स्वतः बघा, त्यात गावांची यादी असते. आणि जागा आहेच तर शेती करा तिथं, किंवा वर पत्र लिहिलेल्या भगिनींच्या गटाशी बोला.

आमच्याकडं पार्किंगची वसुली गावाच्या समितीकडं आली, दोन सीझन बरं चाललं आणि आता भांडणं. अध्यक्षाचेच पै-पाहुणे कामाला, हिशेब कुणी दाखवत नाही, दोन गट पडलेत. मग सरकारकडंच द्यावं का सगळं परत? – एक वाचक, नाव नको

हा प्रश्न विचारलात त्याबद्दल मनापासून आभार, कारण गाव म्हटलं की सगळं गोड असं धरून चालणाऱ्यांमुळंच अशा समित्या बुडतात. गावात भावकी आहे, गट आहेत, रस्त्याकडेचे आणि वाडीवरचे असा फरक आहे, आणि धनगरवाड्यावरच्या माणसाला तर समितीत कुणी धरतच नाही. पैसा आला की हे सगळं वर येणारच.

परत देऊ नका. आपल्या कोल्हापूर जिल्ह्याला हे शिकवायला बाहेरचं कुणी नको, गावोगावच्या दूध संस्था बघा. सकाळी दूध घातलं की लिटर आणि फॅट लिहून हातात चिठ्ठी, 10 दिवसाला बिल, वर्षाला सभा आणि सभेत प्रश्न विचारायला उठणारी माणसं. राजकारण तिथंही आहे, भांडणं आहेत, तरी दूध रोज संकलनाला जातंच, कारण प्रत्येकाला आपल्या चिठ्ठीवरचा आकडा दिसतो. समितीलाही तेच लावा. पावती पुस्तक नंबरी, रोजची वसुली संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, रोख नको, क्यूआर कोड समितीच्या बँक खात्याचा. काम पाळीनं, एका घरातला एकच माणूस एका हंगामात. अध्यक्ष दर दोन वर्षांनी बदलायचा, आणि निम्म्या बायका.

मी एका गावच्या ग्रामसभेत बसले होते, समितीचा सचिव जमाखर्च वाचत होता, 'किरकोळ खर्च' म्हणून एक रक्कम आली. मागं बसलेली एक म्हातारी उठली आणि म्हणाली, 'किरकोळ म्हंजी काय, नाव सांग.' सचिव घुटमळला, मग एकेक करत सांगायला लागला, चहा, झेरॉक्स, पाहुण्यांच्या गाडीचं डिझेल. डिझेलवर सभा अडली. अर्धा तास वाद झाला, शेवटी ते पैसे सचिवानं भरायचे असं ठरलं आणि त्यानं भरले. तुमच्याकडं असा एक प्रश्न विचारणारी माणसं चार-पाच तरी तयार करा, आणि पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर समितीचा हिशेब हा विषय आधीच लेखी अर्ज देऊन घालून ठेवा, आयत्या वेळचा विषय म्हणून घेतला की तो राहतोच.

वसुलीतला एक भाग मात्र आधीच बाजूला काढा, पीक नुकसानीसाठी. सरकारी भरपाई मिळेपर्यंत ज्याचं शेत गव्यांनी तुडवलं त्याला त्याच आठवड्यात समितीनं थोडी उचल दिली तर वाडीवरच्या माणसालाही ही समिती आपली वाटेल.

दिवाळीनंतर मुलांना घेऊन दाजीपूरला जायचंय. आमच्या जाण्यानं गावाला खरंच काही मिळावं असं वाटतं. काय करू? – एक वाचक, कोल्हापूर, राजारामपुरी

शनिवार-रविवार टाळा, मधल्या वारी जा, आणि निघायच्या आधी अभयारण्य त्या दिवशी उघडं आहे का ते वन्यजीव विभागाच्या ऑफिसात फोन करून विचारा. कोल्हापुरातनं डबा भरून नेऊ नका, जेवण गावात सांगा, पण आदल्या दिवशी सांगा म्हणजे त्यांना तयारी करता येते आणि अन्न वाया जात नाही. गाईड गावातलाच घ्या आणि त्याचे ठरलेले पैसे घासाघीस न करता द्या. मुलांना सांगून ठेवा की गवा दिसेलच असं नाही, शेकरूचं घरटं दिसेल, गव्याचे खूर दिसतील, हत्तीमहाल बघता येईल, शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं राधानगरी धरण वाटेवरच आहे. परत येताना हंगामात जे मिळेल ते, तांदूळ, नाचणी, मध, बायकांच्या गटाकडनंच घ्या. आणि कुठं कचरा, दारूच्या बाटल्या, सड्यावर गाड्या असं काही दिसलं तर फोटो काढून नुसता स्टेटसला टाकू नका, तारीख आणि जागा लिहून ग्रामपंचायतीला आणि वनक्षेत्रपालांना दोघांनाही पाठवा, ग्रामसभेत ठराव मांडताना असे कागद फार कामाला येतात.